आवाज चढावा, पण फाटू नये

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या सीमाभागातल्या माणसाला आधी गाणे आठवते, आणि ते बरोबरच आहे. इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिकडे गेले, वासुदेवबुवा जोशींकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि ती विद्या घेऊन मिरजेला आले. तिथेच कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. एक आवाज ग्वाल्हेरहून निघून कृष्णा-पंचगंगेच्या काठी आला आणि इथून पुन्हा उत्तरेला गेला. मधे ना तार होती, ना ध्वनिक्षेपक. प्रत्येक टप्प्यावर एकेक गुरू होता आणि तो आपल्या गळ्यातून तोच आवाज पुन्हा ताजा करून पुढे पाठवत होता.

आज लिहायचे आहे ते मात्र त्या गाण्याबद्दल नव्हे, दुसऱ्या एका आवाजाबद्दल. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून इंटरनेट घरात यायचे (कित्येकांकडे अजूनही येते), त्या तारेच्या टोकाला बसून आवाज ढकलणारा एक लहानसा घटक असतो. इंग्रजीत त्याला ‘लाइन ड्रायव्हर’ म्हणतात. नखाएवढी चकती, पण तिचे काम गवयाच्या गळ्यासारखे. इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी हे कुठे काढले, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण आमचे ग्वाल्हेरचे घर.

माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्कर भागात गेली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथे छावणी टाकली म्हणून त्या भागाचे नाव लष्कर. छावणीचे गाव झाले, गावाचे शहर झाले आणि महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी घराणी तिथलीच होऊन राहिली. मावशीच्या मुलाची, म्हणजे आमच्या दादाची, उमेदीची वर्षे टेलिफोनच्या यंत्रांची देखभाल करण्यात गेली. माझी आई बेळगावात आणि मावशी ग्वाल्हेरला. दोघी बहिणी दर रविवारी सकाळी फोनवर बोलतात. आता दोघींचे कान मंदावले आहेत. आमच्या घरी सासरची भाषा कन्नड, माहेरची मराठी, आणि मावशीकडे मराठीत हिंदी मिसळलेली. त्यामुळे रविवारी एकाच फोनवर ‘ऐकू येतंय का?’, ‘केळस्तदेन?’ आणि ‘सुनाई दे रहा है?’ अशी तिन्ही भाषांतली एकच विचारपूस चाललेली असते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ग्वाल्हेरला गेलो होतो. तेव्हा मी दादाला सहज विचारले, “दादा, इतक्या बारीक तारेतून बोलणे, चित्रे, सिनेमा सगळे कसे येते रे?”

दादा म्हणाला, “अगं, आवाज मोठा करणं सोप्पं आहे. मोठा करून साफ ठेवणं मुश्किल. आमचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं.”

मग त्याने दोन दिवस मला जे समजावून सांगितले, ते मला माझ्या विषयाइतकेच रंजक वाटले. म्हणून आज ते तुमच्यापुढे मांडते.

तार या शहराला नवी नाही. कोलकाता ते आग्रा अशी तारायंत्राची लाइन १८५४ साली सुरू झाली आणि आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार ग्वाल्हेर-इंदूरच्या वाटेने आली. त्या तारेतून फक्त टिंब आणि रेघ जायची. पुढे टेलिफोन आला. त्यात माणसाचे बोलणे साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांतून जाते. बोलणे समजायला तेवढे पुरेसे होते, म्हणून बाकीची तार रिकामीच पडून होती. मोठ्या वाड्यात आपण एकच खोली वापरावी आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप असावे, तसा हा प्रकार.

हे कुलूप उघडण्याची कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत पुढे आली. बेलकोअर या संस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांनी सुचवले की घराकडे येणारा वेग जास्त आणि घरातून जाणारा वेग कमी ठेवला, तर याच जुन्या तारेतून पुष्कळ माहिती आणता येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चॉफी यांनी तारेची शेकडो बारीक पट्ट्यांत विभागणी करण्याची रीत पक्की केली. त्यातून ‘एडीएसएल’ तयार झाले. त्याचा आंतरराष्ट्रीय नियम १९९९ मध्ये ठरला. त्याआधी बँका आणि कचेऱ्यांसाठी ‘एचडीएसएल’ नावाचा थोरला भाऊ आलाच होता. सेकंदाला २० लाख अक्षरचिन्हे नेणारी जुनी लाइन असली की दर दोनेक किलोमीटरच्या आत जमिनीखाली आवाज ताजा करणारे यंत्र पुरावे लागे. एचडीएसएलने साडेतीन किलोमीटरच्या आसपासचे अंतर मधे काहीही न पुरता पार केले. म्हणजे मिरजेचा मुक्काम न घेता आवाज थेट पोचवायचा. अर्थात मग सगळा भार टोकावरच्या गळ्यावर, म्हणजे लाइन ड्रायव्हरवर आला.

आपल्याकडे बीएसएनएलची ‘डेटावन’ ही सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. घराघरांत तो दिवे लुकलुकणारा मोडेम आला, सोबत टेलिफोनला लावायची छोटी डबी आली, ते तुम्हाला आठवत असेल. ती डबी बोलण्याला आणि इंटरनेटला वेगळे करते. खालचे सूर टेलिफोनला जातात आणि २५ हजार हर्ट्झच्या वरचे मोडेमला. एका लाइन ड्रायव्हरने एक्स्चेंजच्या टोकाला बसून आपल्याकडे ढकलायचे आणि दुसऱ्याने मोडेममध्ये बसून आपले म्हणणे परत पाठवायचे.

आता ढकलायचे म्हणजे किती? दादाने कागदावर हिशेब मांडला. एक्स्चेंजकडून तारेवर जाणारी शक्ती सुमारे १०० मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा दहावा हिस्सा. देवघरातला एलईडीचा बल्बही त्याहून जास्त खातो. या हिशेबाने तारेवर सरासरी व्होल्टेज येते ३.१६. “एवढंच?” असे मी म्हटल्यावर दादा हसला. म्हणाला, “सरासरीवर जाऊ नकोस. सरासरीने कोणी बुडत नाही, खड्ड्यात बुडतो.”

गंमत अशी की तारेत एक आवाज नसतो. एडीएसएलमध्ये २५६ पट्ट्या असतात, प्रत्येक सुमारे ४.३ किलोहर्ट्झ रुंदीची, आणि प्रत्येकीत वेगळा सूर चालू असतो. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोलपथक डोळ्यांपुढे आणा. पन्नास जण आपापल्या हाताने वाजवत असतात तेव्हा एकंदर आवाज एका पातळीवर राहतो. पण मधेच एखाद्या क्षणी सगळ्यांची टिपरी नेमकी एकदम पडते आणि छातीत धस्स होते. तारेतही तसेच. एरवी तीनच्या आसपास असणारे व्होल्टेज अशा क्षणी पाचपटीहून वर, जवळजवळ १७ पर्यंत उसळते. असे क्षण क्वचितच येतात, पण त्या क्षणी लाइन ड्रायव्हर कमी पडून चालत नाही.

कमी पडला तर काय होते? उसळीचा शेंडा छाटला जातो. वाटते, शेंडाच गेला, बिघडले काय? पण छाटलेल्या ठिकाणी जो ओरखडा निघतो तो एका पट्टीत राहत नाही, सगळ्या २५६ पट्ट्यांत पसरतो. एका क्षणाच्या कमतरतेने सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी चुकू शकतो. स्वस्त लाउडस्पीकरवर आरती लावली की शब्दांऐवजी नुसती खरखर ऐकू येते, ती याच जातीची. आवाज भरपूर असतो, अर्थ पोचत नाही.

हे ऐकताना मला हस्सू खांची आख्यायिका आठवली. ग्वाल्हेर गायकीच्या या मोठ्या गवयाबद्दल असे सांगतात की, ‘कडक बिजली’ नावाची अतिशय जोरकस तान घेताना त्यांच्या छातीला इजा झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. खरेखोटे देव जाणे, पण त्यामागचे शहाणपण खरे आहे. जो रोज अगदी शेवटच्या ताकदीवर गातो त्याच्याजवळ उसळीच्या क्षणासाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून चांगला लाइन ड्रायव्हर सरासरी कामाच्या पाचपट जागा वर मोकळी ठेवून बसतो.

या मोकळ्या जागेची किंमतही असते, आणि ती उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. उसळी क्वचित येणार, पण तिच्यासाठी वीज मात्र कायम तयार ठेवायची. सुरुवातीच्या काळातल्या बनावटीत तारेवर वॅटचा दहावा भाग पाठवायला लाइन ड्रायव्हर स्वतः वॅटभर वीज खाई. पाचशे लाइनींचे एक कपाट धरून चाला. पाचशे वॅट आत गेले, पन्नास वॅट तारांवरून बाहेर पडले आणि साडेचारशे वॅटची आच कपाटातच राहिली. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हाळ्यात त्या कपाटाजवळ माणूस उभा राहू शकत नाही, मग यंत्रांचे काय होत असेल! दादा म्हणतो, “आमच्याकडे माणसांच्या आधी यंत्रांच्या खोलीत थंडावा लागायचा.”

पुढे अभियंत्यांनी यावर युक्ती काढली. एरवी लाइन ड्रायव्हरला कमी व्होल्टेजवर काम करू द्यायचे आणि उसळी येते आहे असे दिसले की तेवढ्यापुरते वरचे व्होल्टेज पुरवायचे. आपली आई गॅस मंद ठेवून भाजी शिजवते आणि फोडणीपुरताच मोठा करते, तसेच. कंजूषपणा न करता केलेली ही काटकसर आहे.

आता कोणी विचारेल, की लांबच्या घराला इंटरनेट हळू मिळते, तर लाइन ड्रायव्हरचा आवाज सरळ दुप्पट-चौपट का करत नाहीत? हाच प्रश्न मीही विचारला. त्याची उत्तरे दोन, आणि दोन्ही मला फार महत्त्वाची वाटली.

पहिले उत्तर अंतराचे. तांब्याची तार आवाज खाते आणि सूर जितका वरचा तितका जास्त खाते. चार-पाच किलोमीटरवर पोचेपर्यंत पाठवलेल्या शक्तीचा लाखावा, कधी दहा लाखावा भाग उरतो. वरच्या पट्ट्या तर वाटेतच संपतात. आणि हे अंतर कावळ्याच्या उड्डाणाचे नव्हे, तारेचे. लष्करच्या गल्ल्यांतून वळसे घेत जाणारी तार नकाशावरच्या अंतराहून बरीच लांब भरते. इथे आवाज दुप्पट करून मिळकत किती? जिथे लाखपट तूट आहे तिथे दुपटीने फार तर काही पावले पुढे जाता येते.

दुसरे उत्तर शेजाऱ्याचे. आपली तार एकटी नसते. पन्नास, शंभर घरांच्या जोड्या एकाच जाड केबलमध्ये एकमेकींना चिकटून जातात आणि एकीतला आवाज दुसरीत थोडा झिरपतोच. एकाने ओरडायला सुरुवात केली की शेजारच्याला स्वतःचे काही ऐकू येत नाही. मग तोही ओरडणार, आणि शेवटी सगळी केबल नुसती गोंगाट करणार. म्हणून प्रत्येक पट्टीत किती जोर लावायचा याची मर्यादा नियमाने ठरवून दिलेली आहे. लाइन ड्रायव्हर कितीही ताकदवान असला तरी त्याने तिथेच थांबायचे. लेकलायडर यांच्या कल्पनेतही हेच शहाणपण होते. एक्स्चेंजच्या टोकाला सगळे मोठ्याने बोलणारे शेजारी शेजारी बसलेले असतात. तिथे घराघरांतून आलेला क्षीण आवाज ऐकणे सगळ्यांत अवघड. म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या आवाजांच्या पट्ट्याच वेगळ्या करून टाकल्या.

यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि मला सगळ्यांत आवडली ती हीच. तारेची जोडी एकच, आणि बोलणे-ऐकणे दोन्ही तिच्यावरूनच, तेही एकाच वेळी. लाइन ड्रायव्हर आपल्या टोकाला जोरात बोलत असतो, त्याच क्षणी त्याच तारेवरून पलीकडचा अत्यंत बारीक आवाज येत असतो. समजा तुम्ही देवळात नगारा वाजवता आहात आणि त्याच वेळी गाभाऱ्यातली कुजबुज तुम्हाला शब्दन् शब्द ऐकायची आहे. यासाठी लाइन ड्रायव्हरच्या जोडीला एक मंडल असते. आपण काय बोललो ते त्याला माहीत असते, म्हणून तारेवरच्या एकूण आवाजातून ते आपला आवाज वजा करते. उरते ते पलीकडच्याचे. पण इथे अट अशी की लाइन ड्रायव्हरचा आवाज स्वच्छ हवा. त्याने स्वतःच्या आवाजात खरखर मिसळली, तर ती खरखर वजा करता येत नाही, कारण ती आधी ठरलेली नसते. आपल्याच अस्वच्छ बोलण्याखाली समोरच्याचे बोलणे बुडून जाते.

स्वच्छता आणायची ती कशी, याचीही एक सुंदर गोष्ट आहे. अमेरिकेत लांबच्या टेलिफोनसाठी आवाज वाढवणारी यंत्रे एकामागोमाग एक लावावी लागत आणि प्रत्येक यंत्र आपला थोडा दोष मिसळत जाई. हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल कंपनीचे अभियंते कित्येक वर्षे या दोषाशी झगडत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीतून बोटीने कामावर जाताना त्यांना एकदम सुचले, आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यांनी ते लिहून काढले. कल्पना अशी की, यंत्रातून बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग परत आत आणायचा, मूळ आवाजाशी ताडून पाहायचा आणि जो फरक दिसेल तेवढा सुधारायचा. यात वाढीचा बराच हिस्सा सोडून द्यावा लागतो, पण त्याबदल्यात शुद्धता मिळते. आजच्या लाइन ड्रायव्हरच्या पोटातही हेच तत्त्व आहे.

गुरूसमोर बसून शिकणे म्हणजे याहून वेगळे काय? शिष्याने गावे, गुरूने ऐकावे, ‘हं, पुन्हा’ म्हणावे. ग्वाल्हेरला १९१४ मध्ये निघालेले शंकर गांधर्व महाविद्यालय काय किंवा बाळकृष्णबुवांचे मिरजेतले शिकवणे काय, पद्धत हीच. आपला आवाज जगाला ऐकवण्याआधी स्वतःकडे परत आणून तपासायचा. वाढ थोडी कमी झाली तरी चालेल, पण सूर खरा हवा.

आता हे सगळे कशासाठी सांगितले? तांब्याच्या तारा तर चालल्या. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे शहरांत आणि पुष्कळ गावांतही फायबर आली. काचेच्या त्या धाग्यात उजेड जातो. त्यात तांब्याच्या मानाने तूट नगण्य आणि शेजाऱ्याकडे झिरपणे जवळपास नाहीच. ज्यांची मुले जर्मनीसारख्या देशात आहेत त्यांना मात्र ठाऊक असेल की तिकडे अजूनही असंख्य घरांत तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट चालते. एक्स्चेंज दूर असले तरी गल्लीच्या कोपऱ्यावर कपाट आणून ठेवायचे आणि तांब्याचे अंतर काही शे मीटरवर आणायचे, असा त्यांनी मार्ग काढला. लाइन ड्रायव्हर आहेच, फक्त त्याला आता लांब ओरडावे लागत नाही.

आपल्या घरांपुरत्या तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाइन आहे त्यांनी आधी घरातली तार पाहावी. मावशीकडे इंटरनेट सारखे अडखळायचे. दादाने शोधले तेव्हा कळले की माजघरातल्या जुन्या जोडफोनला डबी लावलेली नव्हती आणि जिन्याखालचा पीळ दिलेला जोड गंजला होता. डबी लावली, जोड नवा केला, काम झाले. किलोमीटरभरून आलेला क्षीण आवाज शेवटच्या दहा हातांत आपणच हरवतो, असे पुष्कळदा होते.

दुसरी गोष्ट वीज गेल्यावरची. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज तारेतूनच मिळे, म्हणून दिवे गेले तरी फोन चालू असे. फायबरवरच्या फोनला घरातली वीज लागते. घरात वयस्कर माणसे असतील आणि तांब्याची लाइन काढणार असाल, तर त्या यंत्राला बॅटरीचा आधार आधी घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे तासन्‌तास वीज जाते. रात्रीबेरात्री डॉक्टरला फोन लागला पाहिजे.

तिसरी गोष्ट कानांची. आईला कानाचे यंत्र घेतले तेव्हा मला वाटले होते की ते आवाज मोठा करत असेल, झाले. पण त्यातही हाच प्रश्न असतो. हळू आवाज वाढवायचा, मात्र मोठ्या आवाजाला वरून मर्यादा घालायची, शेंडा न छाटता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण ओरडून बोलतो तेव्हा आपला गळा फाटतो, शब्दांची टोके मोडतात, आणि त्यांच्या कानात पोचते ती नुसती खरखर. वर त्यांना वाटते, ही माणसे माझ्यावर चिडली आहेत. आमच्या सासूबाई आईशी बोलताना कन्नडमध्ये हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलतात आणि आईला ते चटकन कळते, तिची कन्नड बेताची असूनही. माझे घाईचे मराठी मात्र तिला कळत नाही. भाषेपेक्षा स्वच्छता आधी पोचते, हे आमच्या घरात रोज दिसते.

दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट न शिकवता येते. स्वतः एका भाषेत बोलत असताना दुसऱ्या भाषेत चाललेले बोलणे त्यांच्या कानावर पडत असते आणि ते त्यांना कळतही असते. स्वयंपाकघरात अज्जी कन्नडमध्ये काही म्हणाली, तर ओसरीवर मराठीत भांडणारी नात मधेच ‘हो, आणते’ म्हणून उठते. एकाच तारेवर जाणारे आणि येणारे आवाज वेगळे ठेवण्याचे हे काम यंत्राला जमावे म्हणून अभियंत्यांनी कितीक वर्षे घालवली. आपल्या मुलांकडे ते आहे, ते मोडू देऊ नये. सीमाभागात अधूनमधून दोन्हीकडून आवाज चढतात. चढायला हरकत नाही, प्रत्येकाला आपले म्हणणे दूरवर पोचवायचे असते. पण शेजारची जोडी आपल्याच केबलमध्ये आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आणि हो, कानाचे यंत्र घेणार असाल, तर दुकानात त्याचा आवाज किती मोठा होतो ते विचारून थांबू नका. मोठ्या आवाजाला ते कसे आवरते तेही विचारा, आणि घरातल्या दोन्ही भाषांत बोलून पाहून मगच पैसे द्या.